कप्तानांनी गप्प बसायची शर्यत

आमच्या गावात रस्त्यावर जी माणसं गाडी चालवतात, त्यांतल्या निम्म्यांना माझ्या नवऱ्याने शिकवलंय. चौतीस वर्षं त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. नुसतं ‘मास्तर’ म्हटलं की गावात दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही. मीही त्यांना मास्तरच म्हणते, आणि रागावले की जरा जास्त स्पष्ट म्हणते.

मला त्यांनी तीन दिवस शिकवलं. चौथ्या दिवशी मी भर चौकात गाडी बंद केली, दार उघडलं आणि चालत घरी आले. मागे हॉर्नचा गदारोळ चालला होता आणि मास्तर शेजारच्या सीटवरून ओरडत होते, "उतरण्याआधी आरसा बघायचा असतो!" त्याला आता एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून मी पायी जाते, बसने जाते, नाहीतर त्यांच्या शेजारी बसते.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी शिडाची एक जुनी, छोटी बोट घेतली. गावाबाहेरच्या तलावावर बोटक्लब आहे, तिथे दर रविवारी सात-आठ बोटींची शर्यत लागते. शर्यत म्हणजे जिंकलात तर टाळ्या, हरलात तर चहा, आणि चहा जिंकणाऱ्यालाही तोच. आमच्या बोटीत मागे सुकाणूचा दांडा धरून मास्तर, पुढे छोट्या शिडाचा दोर धरून मी आणि मधे मोठ्या शिडाचा दोर धरून माझ्या नणंदबाई. वन्संना आम्ही मुळात वजन म्हणून घेतलं. वारा वाढला की बोट एका अंगाला कलते, तेव्हा दुसऱ्या अंगाला कुणीतरी भारदस्त माणूस लागतं. वन्सं तीस वर्षं इस्पितळात हेडनर्स होत्या. त्यांच्या भारदस्तपणाबद्दल आजवर कुणी शंका काढलेली नाही.

सहा वर्षांत आमचा शेवटचा नंबर एकदाही चुकला नाही. आम्ही लांबून दिसलो की क्लबवाले खुर्च्या आवरायला घेतात. याला कारण एकच, मास्तर. समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, हे त्यांच्या हाडीमांशी भिनलंय. पाण्यावरचा नियम असा की वारा ज्याच्या उजव्या हाताने येतो, वाट त्याची. नियम मास्तरांना तोंडपाठ आहे. पण समोर बोट आली की त्यांचा हात आपोआप बाहेर येतो आणि ‘जा, जा, तुम्ही व्हा पुढे’ अशी खूण करतो. एकदा बदकांच्या रांगेसाठी आम्ही चार मिनिटं थांबलो होतो. बोटीला ब्रेक नसतो, हे मास्तरांना कळतं, त्यांच्या उजव्या पायाला कळत नाही. धोका दिसला रे दिसला की तो पाय बोटीच्या तळावर आदळतो. तिथे पाणी उपसायचा पत्र्याचा डबा असतो. त्या डब्यात आता पत्रा कमी आणि पोचे जास्त.

मी शिवणकाम करते. बाजारात माझं छोटं दुकान आहे. पँटी आखूड करून देते, पडदे शिवते, कोटांची अस्तरं बदलते. कापड कुठे ताणलंय आणि कुठे ढिलं पडलंय, हे मला हात न लावता कळतं. आमची दोन्ही शिडं मीच दोनदा उसवून पुन्हा शिवली आहेत. सहा वर्षं मी पुढे बसून ते कापड बघत होते, आणि मागे दांडा धरलेला माणूस वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या झेंड्याकडे, घड्याळाकडे, मांडीवरच्या नियमांच्या पुस्तकाकडे, सगळीकडे बघत होता, फक्त कापड सोडून. मला तो दांडा हवा होता. दुकान बंद करावं, संध्याकाळी एकटीने तासभर पाण्यावर जावं आणि कुणी मागून ‘ओढ’, ‘सोड’ म्हणू नये, एवढंच माझं मागणं.

पण एकटीने बोट काढायची तर क्लबच्या कप्तानांच्या वहीत नाव लागतं. नावासाठी परीक्षा द्यावी लागते. आणि परीक्षक कोण, तर मास्तर! शिकवण्याचा दांडगा अनुभव म्हणून क्लबने मोठ्या मानाने त्यांना नेमलंय. त्यांनी मला दोनदा नापास केलं. पहिल्यांदा शेरा होता, ‘वळण्यापूर्वी हाताने इशारा नाही.’ दुसऱ्यांदा, ‘प्रगती आहे, परंतु सराव हवा.’ "परीक्षक म्हणून माझा नाइलाज आहे," असं जेवताना म्हणाले आणि वर पाणी मागितलं. मी दिलं नाही.

आता दुसरी वाट एकच उरली होती. हंगामाच्या शेवटच्या रविवारी क्लबात उलटी शर्यत असते. त्या दिवशी कप्तानाने पुढे बसायचं, पुढच्याने दांडा धरायचा, आणि कप्तानाने तोंड उघडायचं नाही. कप्तान बोलला तर एका शब्दाला एक गिरकी, म्हणजे बोट जागच्या जागी पूर्ण गोल फिरवायची आणि मग पुढे जायचं. पाण्यावर पहारा द्यायला कुणी नसतं. ज्याने त्याने आपली गिरकी आपण मारायची आणि परत आल्यावर टेबलावरच्या वहीत आपणच लिहून द्यायची. जी व्यक्ती एकही गिरकी न मारता शर्यत पुरी करेल, तिचं नाव परीक्षेवाचून कप्तानांच्या वहीत. ही सवलत आजवर दोघांनाच मिळाली आहे, आणि त्यांतल्या एकाच्या कप्तानाचा घसा बसला होता.

थोडक्यात काय, माझं नाव वहीत लागणार की नाही, ते मास्तरांच्या तोंडावर ठरणार होतं.

"मी एक अक्षर बोलणार नाही," असं त्यांनी आठ दिवस आधी जाहीर केलं आणि त्यावर वीस मिनिटं बोलले. सराव म्हणून रोज सकाळी तासभर मौन पाळायचं ठरलं. पहिल्या दिवशी ते नऊ मिनिटं टिकले, मग शेगडीवरचं दूध उतू जायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दूध उतू जाऊ दिलं. मास्तर शेगडीकडे बोट दाखवत स्वयंपाकघरभर नाचले, पण बोलले नाहीत. शेगडी मलाच घासावी लागली, तरी जरा जिवात जीव आला.

शर्यतीच्या दिवशी क्लबच्या सेक्रेटरींनी धक्क्यावर सगळ्यांना गोळा करून नियम वाचले. ते एरवी औषधांचं दुकान चालवतात आणि गाडी मास्तरांकडेच शिकलेत. "काही शंका?"

मास्तरांनी हात वर केला. "पाय आपटला तर तो शब्द धरणार का?"

सेक्रेटरींनी विचार केला. "शब्द म्हणजे शब्द. पाय आपटा, डोळे वटारा, कपाळ बडवून घ्या. तोंडातून शब्द नको."

गावातले दंतवैद्य, तेही एका बोटीचे कप्तान, आमच्या शेजारीच उभे होते. त्यांनी खिशातून कापसाचे दोन बोळे काढले आणि स्वतःच्या गालात कोंबले. त्यांच्या बायकोने जवळ येऊन तिसरा कोंबला.

भोंगा वाजला आणि आठ बोटी सुटल्या. निदान सात सुटल्या. मी गडबडीत दांडा उलटीकडे ढकलला आणि आमची बोट धक्क्याला जाऊन घासली. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. पण हातालाही कुणीतरी सांगावं लागतं, आणि माझ्या हाताला सहा वर्षं ‘ओढ’ आणि ‘सोड’ एवढंच सांगितलं गेलं होतं. डब्यावर पाय आदळला. मास्तरांची मान ताठ झाली, शिरा वर आल्या, ओठ आत गेले.

"वांग्यासारखा झालाय बघ," वन्सं म्हणाल्या. "अरे, श्वास घे! बोलायला बंदी आहे, श्वासाला नाही."

मास्तरांनी श्वास घेतला. मी दांडा सरळ केला आणि आम्ही शेवटून पहिले निघालो, म्हणजे नेहमीप्रमाणेच.

तलावाच्या पलीकडच्या टोकाला लाल बोया, म्हणजे पाण्यावर तरंगती खूण, होता. त्याला वळसा घालून परत यायचं, एवढीच शर्यत. जाताना वारा समोरून होता, म्हणजे बोट तिरकी तिरकी, नागमोडी न्यायची. वाऱ्यात जास्त घुसलं की शीड फडफडतं, कमी घुसलं की वाट लांबते. मी झेंड्याकडे बघितलंच नाही. मोठ्या शिडाच्या पुढच्या कडेला एक बारीकशी चुणी पडते, बाही चुकीची लावली की काखेत पडते तशी. चुणी दिसली की दांडा एक बोटभर ओढायचा, कापड भरलं की पुन्हा सोडायचा. बस्स. मी दुकानात रोज हेच करते, फक्त तिथे कुणी भिजत नाही.

दहा मिनिटांत आम्ही दोन बोटींना मागे टाकलं. मला आधी ते खरंच वाटेना. आम्ही कुणाला मागे टाकतोय, हे दृश्य आमच्या बोटीतून कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"त्या दोघी इतक्या मागे का गेल्या? आजारी आहेत का?" वन्संनी विचारलं.

मग बेकरीवाल्याची बोट आडवी आली. सुकाणूवर त्याची बायको होती आणि ती सरळ आमच्या अंगावर येत होती. वारा आमच्या उजव्या हाताने होता. वाट आमची होती. मास्तरांचा हात बाहेर आला, ‘जा, जा’ म्हणायला लागला. मी दांडा होता तसाच धरला. दोन्ही बोटींमधलं पाणी कमी कमी होत गेलं. मास्तरांचा उजवा पाय डब्यावर पडला, मग डावाही पडला. ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबून झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"वाट आमची आहे!" मी ओरडले. आपला आवाज एवढा मोठा आहे, हे मला नव्यानेच कळलं. बेकरीवालीने शेवटच्या क्षणी बोट वळवली आणि आमच्या मागून गेली. बेकरीवाला तिच्यावर खेकसला, त्यात चार तरी शब्द होते. मागे वळून बघितलं तर त्यांची बोट गिरक्या घेत होती.

मास्तरांनी एक डोळा उघडला. आपण जिवंत आहोत, हे बघून दुसरा उघडला. पण बोलले नाहीत. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचं कौतुक वाटलं. माणूस घामाने निथळत होता, ओठ दातांखाली धरून पांढरे झाले होते, आणि हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं.

वाटेत आणखी एक बोट मागे पडली, आणि बोया जवळ आला तेव्हा आम्ही चौथे होतो. पुढच्या दोन बोटी केव्हाच परत फिरल्या होत्या. तिसरी दंतवैद्यांची, ती बोयापाशीच अडकली होती. दंतवैद्यांनी कापसाचे बोळे थुंकून टाकले होते आणि ते ओरडत होते, "डावीकडे! डावीकडे! अगं, डावीकडे!"

"चार," वन्संनी मोजलं. "‘अगं’ धरून."

त्यांची बोट पहिली गिरकी मारायला बाजूला सरली आणि बोयाच्या अंगाला फट पडली, आमच्या बोटीपेक्षा थोडीशीच रुंद. बोयाला बोट लागली तर शर्यतीतून बाद. मास्तरांनी ती फट बघितली आणि दोन्ही पाय उचलून धरले. मी कापडाकडे बघितलं. कापड भरलेलं होतं, कुठे सुरकुती नव्हती. मी हळूच दांडा ओढला. वन्संना म्हटलं, "आता मोठ्या शिडाचा दोर सोडा, सावकाश," आणि त्यांनी तो सलाइन सोडावं तसा बेताने सोडला. लाल बोया माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला. वारा पाठीशी आला, शीड बाहेर फुगलं आणि बोट जी सुटली, ती सुटलीच.

"छान," मास्तर म्हणाले.

हळू म्हणाले. बहुतेक त्यांनाही कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षं या माणसाला बोलायला मोकळीक होती. मी त्यांचे कोट शिवले, दुकान उभं केलं, तापात त्यांच्या उशाशी बसले, चौकातून चालत आले. कधीही म्हणता आलं असतं. सकाळी चहा घेताना म्हणता आलं असतं, त्याला काही परवाना लागत नाही. सगळं सोडून त्यांना नेमका हा एक तास सापडला, जेव्हा बोलायला बंदी होती!

"मी काही ऐकलं नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांना पलीकडच्या वॉर्डातलं कण्हणं ऐकू यायचं, अशी त्यांची ख्याती आहे.

मास्तर तोंडावरचे हात न काढता जोरजोरात मान हलवत होते. नको, नको, पुढे चल.

दुसरं कुणी ऐकणं शक्यच नव्हतं. दंतवैद्यांची बोट तिसऱ्या गिरकीत होती, मागची अजून लांब होती. नुसतं सरळ जायचं होतं. तिसरा नंबर, एकही गिरकी नाही, वहीत नाव. उद्या संध्याकाळी दुकानाला कुलूप लावायचं आणि एकटीने तलावावर यायचं. तेवढ्यासाठी मी सहा वर्षं दोर ओढला होता.

पण टेबलावर सही करावी लागते. ‘कप्तान बोलले नाहीत’, खाली माझी सही, शेजारी मास्तरांची. म्हणजे ते छान म्हणालेच नाहीत. उद्या भांडताना मी म्हटलं, तुम्ही मला छान म्हणाला होतात, तर ते म्हणतील, कुठे? वही बघ, तुझीच सही आहे. या माणसाला मी ओळखते. लेखी पुरावा नसेल तर ते स्वतःवरही विश्वास ठेवत नाहीत.

"वन्सं, डोकं खाली," मी म्हटलं आणि दांडा पुरता ढकलला.

बोट गर्रकन वाऱ्यात घुसली, शिडं फडफडली, आडवी काठी आमच्या डोक्यांवरून एकदा इकडे आणि एकदा तिकडे गेली. मास्तरांच्या पायाने डब्याला शेवटचा पोचा पाडला आणि तो पाण्यात गेला. अशी गिरकी मी पहिल्यांदाच मारत होते, त्यामुळे ती फार मोठी झाली. तेवढ्यात दंतवैद्य आपल्या गिरक्या संपवून पुढे निघून गेले. त्यांच्या मागून आणखी एक बोट आम्हाला ओलांडून गेली, आणि तिच्यातली माणसं आमच्याकडे सहानुभूतीने बघत होती.

आम्ही पाचवे आलो. आमच्या बोटीचा आजवरचा तो सगळ्यात वरचा नंबर. धक्क्यावर खुर्च्या अजून मांडलेल्या बघून वन्सं चक्रावल्या.

टेबलाशी सेक्रेटरी वही उघडून बसले होते. "मास्तर तुमच्या बोटीत, म्हणजे..." त्यांनी आकडे मोजायला बोटं सरसावली.

"एक," मी म्हटलं.

"एक गिरकी?"

"एक शब्द, एक गिरकी."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. आजूबाजूचे लोक चहाचे कप घेऊन जवळ सरकले. त्यांतल्या बहुतेकांच्या पायाला मास्तरांनीच क्लच दाखवला होता. "अख्ख्या शर्यतीत एकच? कोणता? लिहावा लागतो."

"त्यांनाच विचारा. आता बंदी उठलीये."

मास्तर बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने, मास्तर," सेक्रेटरी म्हणाले. "इशारा लांबून कळेल असा हवा, तुम्हीच शिकवलंत."

"छान!" मास्तर ओरडले.

"कुणाला?"

"हिला."

"कशाबद्दल?"

मास्तर सावरून उभे राहिले. शिकवायला लागले की त्यांची पाठ ताठ होते. "बोयाचं वळण. फट बघितली, घाई केली नाही, शीड भरलेलं ठेवलं, दांडा वेळेवर ओढला. मला जमलं नसतं. छान वळवली तिने. परंतु वळण्यापूर्वी हाताने..."

"रकाना भरला," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मी सही केली. शेजारी मास्तरांनी केली. कप्तानांची वही तिथेच टेबलावर होती. ती सेक्रेटरींनी उघडलीच नाही, आणि मलाही उघडा म्हणता येईना. मी चहा न घेता बोटीकडे निघून आले.

मागून मास्तर आले, त्यांच्या मागून वन्सं. तिघांनी मिळून मोठं शीड उतरवलं. वन्संनी विषय काढलाच. "अरे, एवढं चारचौघांत म्हणालास, तर आता परीक्षेत पास करून टाक ना तिला."

"परीक्षा नव्या हंगामात," मास्तर म्हणाले. "आणि इशारा अजून नाहीच दाखवत ती."

वन्संनी हात टेकले आणि त्या चहा प्यायला परत गेल्या. शिडाचं एक टोक मी धरलं, दुसरं मास्तरांनी. चादर घडी करताना करतात तसं आम्ही एकमेकांकडे चालत आलो.

"तू गप्प बसली असतीस तर नाव लागलं असतं," ते म्हणाले.

"हो."

"मग?"

"मग तुम्ही बोललाच नाहीत, असं झालं असतं."

त्यांनी घडीवरून हात फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. कापडात चुणी नव्हती, मी बघितलं.

"पुढच्या वर्षी तोंड उघडणार नाही," ते म्हणाले. "अगदी शपथ."

"नका उघडू," मी म्हटलं. "शर्यत एका तासाची असते. बाकीचं अख्खं वर्ष मोकळं आहे."